काकांची लाडकी

"पोहायला काकांनी फक्त मला शिकवलं," धाकटी चुलतबहीण डोळे पुसत म्हणाली. घरात जिला सगळे मधली म्हणत, तिने हातातला कप खाली ठेवला.

काकांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. शेताकडेचं ते लांबलचक घर माणसांनी भरलं होतं आणि जो तो आपापले काका पुढे करत होता. थोरला चुलतभाऊ म्हणाला, "माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे." त्यावर जुळ्या भावांनी माना डोलावल्या, मग आपलंच घोडं पुढे दामटलं. मधली ऐकत होती. आपल्याच घरात चोर शिरावेत आणि त्यांना चहा द्यावा लागावा, तसं तिला होत होतं.

तीन भावांच्या पोरांचं ते घर. थोरल्यांना मान, धाकट्यांना लाड. मधली कुणाच्या खिजगणतीत नव्हती. चौथे, बिनलग्नाचे काका विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे. सायकल काढली की ते तिलाच हाक मारायचे, "चल गं मधले, पाने कोण देणार मला?" त्या कॅरिअरवर बसली की ती त्या घरातली एकुलती एक मुलगी व्हायची.

मग चाळिशीत काकांनी लग्न केलं. कॅरिअरवर काकू बसली. मधली त्या दिवशी जेवली नाही आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढे ती शहरात नर्स झाली, केस पिकले, पण काकूचं नाव निघालं की दाताखाली खडा यायचाच.

"मधले, जरा आत ये," काकूने दारातून हाक मारली.

आत पलंगावर काकांच्या शर्टांच्या घड्या होत्या. काकूने त्या सरकवून तिला जागा केली.

"एक सांगू? राग मानू नकोस. तुझ्याइतका दुस्वास मी कुणाचा केला नाही."

मधलीने मान वर केली.

"नवी नवरी होते मी. भाजी केली की हे म्हणणार, मधलीला आवडते. पाऊस आला की, मधली भिजली असेल. सवत असती तर भांडले तरी असते. पोरीशी काय भांडणार?"

मधलीला हसू आलं. आयुष्यभर जे ऐकायचं होतं, ते नेमकं या बाईच्या तोंडून ऐकायला मिळत होतं.

"आता खरं सांग," काकू खाली बघत म्हणाली. "ते शिट्टीवर गाणी वाजवायचे म्हणतात. मी कधीच ऐकली नाहीत. तुझी थोरली चुलती म्हणायची, ही घरात आली आणि त्याची शिट्टी बंद झाली. त्यांना विचारलं, तर त्यांनी हसण्यावारी नेलं."

मधलीने नुसतं गप्प बसलं तरी पुरे होतं. काका पुन्हा तिचे एकटीचे झाले असते. काकूच्या बोटांनी शर्टाचं एकच बटण लावायचं आणि काढायचं चालवलं होतं.

"काकू, त्यांना कवळी होती ना?"

"होती की. लग्नाआधीपासूनच. इंजिनाचं हँडल लागलं होतं म्हणायचे."

"हँडल उलटं फिरलं आणि पुढचे दात गेले. मी तिथेच होते. शिट्टी तेव्हाच गेली. तुम्ही घरात यायच्या जेमतेम दोन महिने आधी."

"माझ्यामुळे नाही?"

"नाही हो. दात नसल्यावर फुंकर नुसती सुटायची. शिट्टी गेली म्हणून आठवडाभर रुसले होते. लोकांना काय सांगणार? लाजायचे."

काकूने शर्ट मांडीवर ठेवला. बाहेर थोरल्याचा आवाज चढत होता.

"कोणतं गाणं वाजवायचे?"

मधलीने ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. ओठ कोरडे पडले होते.

काकूने उठून पाण्याचा पेला तिच्या हातात दिला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि येऊन तिच्या शेजारी बसली.