काळजीतला 'ज'

मी फळा बोलतोय! इमारतीच्या जिन्याखाली टांगलेला, सूचना लिहायचा फळा. आज पोटात काही राहतच नाहीये बघा!

सुतारानं मला घडवलं, रंगाऱ्यानं काळं केलं. जरा फिका पडलो की सेक्रेटरी ओरडतात, "अहो, काळा करा त्याला, अक्षरं उठत नाहीत!" माझ्या काळेपणाचे केवढे लाड! येणाऱ्या-जाणाऱ्याचं सगळं मला ऐकू येतं. कुणाच्या पिशवीत काय, कुणाचं कुणाशी फाटलंय. भोचक म्हणा हवं तर. जागाच तशी मिळाली, त्याला मी काय करू?

तिसऱ्या मजल्यावर नर्सबाई भाड्यानं आल्या. दूरच्या मुलखातल्या, रंगानं अगदी माझ्या माहेरच्या. सोबत पाच वर्षांची लेक. त्या लिफ्टमध्ये शिरल्या की बाकीच्यांना एकदम जिना आवडायला लागायचा! तरी बाईंनी हसतमुखानं माझ्यावर लिहिलं, 'काळजी : तिसरा मजला. रक्तदाब फुकट तपासून मिळेल.'

दुसऱ्या दिवशी कुणीतरी एका बोटानं फक्त 'ज' पुसला. उरलं काय? 'काळी : तिसरा मजला.'

बोट कुणाचं, ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

लोक वाचून फिदीफिदी हसले. सेक्रेटरींनी तर खाली लिहिलं, 'रविवारी सभा. विषय : तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना जागा सोडायला सांगणे.'

नर्सबाई ताडताड खाली आल्या, खडू उचलला आणि लिहिलं, 'तुम्ही सगळे नालायक आहात!'

तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी, सातवी पास, गळ्यात टेप तशीच घेऊन धावल्या. "पूस गं बाई ते! शिवी दिलीस की लोक शिवीच धरून बसतात. आधी सांग तू कोण आहेस. म्हणजे ऐकतील. मग सांग कुठं लागलं."

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"तर मी आहे की. माझी कात्री आहे!"

दोघी हसल्या. मग बाईंनी ती ओळ पुसून सावकाश लिहिलं. खडूचा एकेक फराटा मला अजून आठवतोय.

'मी अकरा वर्षं नर्स आहे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात कोसळले, तेव्हा त्यांची छाती याच हातांनी दाबली. माझी मुलगी नुकती वाचायला शिकली. तिनं अक्षरं जोडून वाचलेला पहिला शब्द या फळ्यावरचा. मला विचारते, आई, हा आपला पत्ता का?'

काय सांगू! रविवारी सभेला आलेला जो तो माझ्यापुढं थबकला. फिदीफिदी हसणारे चपला बघत उभे. सेक्रेटरी डस्टर घेऊन पुढं झाले, तर आजोबांनी काठी आडवी घातली. "हात लावायचा नाही! माझं काळीज चालू आहे ते त्या हातांमुळं. आता बोला, कुणाला घालवायचंय?"

सेक्रेटरींनी आपल्याच हातानं सभेचा विषय पुसला.

आणि आज सकाळी, जिन्यात कुणी नसताना, तेच बोट परत आलं. या खेपेला खडू धरून. रिकाम्या जागी एक वाकडातिकडा 'ज' काढला आणि पळालं!

लेक शाळेला निघाली होती. थांबली, मान वाकडी करून वाचलं, "का-ळ-जी. आई, आपला पत्ता बदलला!"

बाबांनो, मला हवं तितकं पुसा. पण पुसण्याआधी एकदा बघा, बोटाखाली अक्षर आहे की माणूस.