काहिलीत कालवलेला रस्ता

मी एक जुनी काहील आहे. उसाचा रस उकळून गूळ करतात ना, त्या मोठ्या पसरट कढईला काहील म्हणतात. नेवाशाकडच्या एका गावात शलमोनभाऊंच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. तिथल्या चुलाणावर माझी तरणी वर्षं गेली. गुळाचा रंग बघून लोक माझं कौतुक करायचे. पुढे सगळा ऊस कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळ थंडावलं. मला कुंपणाशी उपडी घातली. माझ्याखाली कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मित्रांनो, त्या गावाला लागून एक ओढा आहे. पावसाळ्यात धरण भरलं की धरणाचं पाणी उलटं ओढ्यात शिरतं आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहतं. पलीकडे एक वस्ती आहे. शाळा, दवाखाना, दळणाची गिरणी, सगळं अलीकडे. वस्तीवरचे भीमराज एकदा शलमोनभाऊंकडे आले आणि त्यांनी मला मागून नेलं. दोन्ही काठांच्या बाभळींना दोर बांधला. माझ्यात उभं राहून, दोर ओढत ते मला पलीकडे न्यायचे. मुलं शाळेत जाऊ लागली. एक साहेब येऊन आमचा फोटो काढून गेले. जपून जा, असं त्यांनी सांगितलं.

पूल व्हावा असं सगळ्यांनाच वाटे. पण अलीकडच्या काठाला पुंजाराम यांचं शेत होतं आणि ते वाट द्यायला तयार नव्हते. पुढे पुढे त्यांना कोणी विचारेनासं झालं.

एका सकाळी वारा सुटला होता. मी मध्यावर कलंडले. माझ्यात भीमराज आणि दोन मुली होत्या. भीमराजांनी मुलींचे हात दोराला धरवले, एकेकीला काठाकडे ढकललं. मुली वाचल्या. भीमराज वर आले नाहीत.

लोखंडाला काय वाटणार, असं तुम्ही म्हणाल. खरंच, मला काही वाटलं नाही. पण त्या दिवसांत माणसांनाही काही वाटत नसावं. भीमराजांच्या पत्नी विमलबाई पाणी भरायच्या, भाकरी थापायच्या. त्या रडल्या नाहीत. समोर आलेल्या माणसाकडे बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. मुलांनी शाळा सोडली. सुनील नावाच्या शेजाऱ्याने घराला कुलूप लावलं आणि तो नागापूरला एका कारखान्यात कामाला निघून गेला. आता इथे काही होणार नाही, असं ज्याच्या त्याच्या मनाने घेतलं होतं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि मी ओढ्याच्या गाळात उघडी पडले. तेव्हा मेरीबाई ओढ्यातून चालत वस्तीवर आल्या. त्या शलमोनभाऊंच्या पत्नी आणि शाळेतल्या शिक्षिका. मुलांना शाळेत पाठवा म्हणायला त्या आल्या होत्या. विहारापुढे माणसं जमली, पण कोणी मान वर करीना. शेवटी विमलबाई बोलल्या.

“रडायला मला जलमभर वेळ हाय. पानी पुन्हा चढायच्या आत काय करायचं, ते बोला.”

मग हळूहळू बोलणं सुरू झालं. ओढ्यात पाइप टाकायचे, वर दगडमातीचा उंच भराव करायचा आणि त्यावरून पायवाट न्यायची, असं ठरलं. प्रश्न उरला पुंजारामांच्या शेताचा. विमलबाई मेरीबाईंना सोबत घेऊन त्यांच्या दारात गेल्या. पुंजारामांनी बसायला घोंगडी टाकली.

“त्या दिशी मी काठावरच हुतो, वैनी,” ते म्हणाले. “मला पवता येत न्हाई. नुसता बघत राह्यलो.” मग खाली बघतच म्हणाले, “बांध फोडा. वाट घ्या.”

विमलबाईंनी मान हलवली.

सुनीलला निरोप गेला. तो नागापूरच्या त्याच्या कारखान्याने टाकून दिलेले सिमेंटचे पाइप मागून टेम्पोत घेऊन आला. रविवारची उपासना आटोपली की गावातल्या ख्रिस्ती घरांतली माणसं घमेली घेऊन यायची. पाइप बसवताना सिमेंट कालवायला मोठं भांडं हवं होतं. शलमोनभाऊंनी माझ्याकडे बोट केलं आणि सगळे थबकले. हिला भंगारात घाला, असं कोणीतरी पुटपुटलं.

“तिचा काय दोष?” विमलबाई म्हणाल्या. “कालवा तिच्यातच.”

कामावर कोणी हसत नव्हतं, गाणी नव्हती. नुसती घमेली हातोहात पुढे सरकत होती. अर्धा भराव झाला आणि अवकाळी पावसाने तो वाहून गेला. दुसऱ्या दिवशी माणसं काठावर उभी राहून बघत राहिली. विमलबाई खाली उतरल्या आणि वाहून गेलेले दगड गोळा करू लागल्या. त्यांच्यामागे पुंजाराम उतरले. मग बाकीचे.

पावसाळ्यात ओढा भरला. पाणी पाइपांतून पलीकडे गेलं आणि भराव टिकला. दुसऱ्या दिवशी विमलबाई मुलांना शाळेत सोडायला निघाल्या. मध्यावर आल्यावर त्या थांबल्या आणि खाली बसल्या. तिथे त्या रडल्या, मोठ्याने, कितीतरी वेळ. मुलं मागे रांगेत उभी राहिली. चला, असं कोणी म्हटलं नाही. शाळेची घंटा झाली. अलीकडच्या काठावर मेरीबाई तशाच वाट बघत उभ्या होत्या.

मित्रांनो, माझ्या अंगावर आता सिमेंट घट्ट बसलंय. माझ्यात ना गूळ होईल, ना मी तरंगेन. माझ्यासाठी काही करू नका. पण दर पावसाळ्याआधी पाइपांत गाळ आणि पाणवेली अडकतात. त्या तशाच राहिल्या तर पाणी भराव फोडेल. गाळ काढायला एकटं कोणी जाऊ नका. वाटेतल्या प्रत्येक घराला हाक मारा. विमलबाईंनाही मारा. त्या फारशा बोलत नाहीत, पण येतात.