पातळ मोजे

गोपाळकृष्णांच्या तेरवीला प्रेमलताबाईंनी भटजींना छत्री दिली, कोरा जोडा दिला. वर जाताना नवऱ्याचे पाय पोळू नयेत म्हणून. पण बालाघाटच्या भर मे महिन्यातही पातळ सुती मोज्यांशिवाय हा माणूस जोड्यात पाय घालत नसे, हे त्या गडबडीत विसरूनच गेल्या.

दुसऱ्याच दुपारी ओसरीतून ओळखीचा आवाज आला, "प्रेमा, मोजे कुठं ठेवले वं? पाय पोळून राह्यले."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी त्यांनी मोजे उंबऱ्यावर नेऊन ठेवले. संध्याकाळी पाहतात तर मोजे तिथंच, पण तळव्यांना तांबडी माती लागलेली, आणि आतून अजून कोमट. त्यांनी ते मुकाट्यानं धुऊन वाळत घातले. मग हे रोजचंच झालं.

शेवटी एक दिवस भीतीपेक्षा राग मोठा झाला. "जन्मभर धुतले! आता मेल्यावरबी तुमचे मोजे मीच धुवू काय?" त्या रिकाम्या ओसरीवर ओरडल्या.

दुसऱ्या संध्याकाळी उंबऱ्यावर मोजे नव्हते. ते अंगणातल्या दोरीवर होते. साबणाचा फेस तसाच, न पिळता टांगलेले, टपटप गळणारे. जन्मात कधी मोजे न धुतलेल्या माणसानं धुतल्यासारखे.