सोंडेवरच्या दोन हरकती

सुनावणी पाचला संपायची होती, आणि पावणेपाचपर्यंत एकाही माणसाने तोंड उघडलं नव्हतं. उघडणार तरी कसं? सभागृहाच्या दारात ठेकेदाराची माणसं पहारी घेऊन उभी. बोलायला उठलेला एकच मास्तर आता भिंतीशी बसून फुटलेल्या ओठावर रुमाल दाबत होता.

नियम साधा होता. डोंगराची वरची सोंड राखीव ठेवायची की खाणीला द्यायची, यावर एक जरी हरकत तोंडी नोंदली गेली तर वरून तपासणी व्हायची. नाहीतर सोंड खाणीची. पायथ्याशी बारा घरं. त्यातलं एक वहिनीचं. तिचा नवरा गेल्या साली दरडीखाली गेला, तो हाती लागलाच नाही.

वहिनी उठली.

"बस गं बाई," ठेकेदार हसला, "चूल विझेल घरची."

"माझ्या चुलीची काळजी तुला? घरधनी गाडलास तेव्हा कुठे गेली होती रे मेल्या?"

पहारीचा दांडा तिच्या खांद्यावर बसला. हाड वाजलं. माइकसकट ती आडवी झाली, तशी दोघांनी केसांना धरून फरफटवली. कारकुनाची लेखणी हवेतच राहिली. खाणीचे तीस कामगार खुर्च्या उगारून धावले. खाण बंद तर पोट बंद, हे त्यांना सकाळीच पढवलं होतं.

त्या तिसांत तिचा सख्खा दीर होता. खाणीत सुरुंग तोच लावायचा. वात पेटवण्याआधी तो तोंडात बोटं घालून तीनदा शिट्टी मारी, की माणसं असतील तिथे पालथी पडत. वीस वर्षांत ती शिट्टी एकदाही उगाच वाजली नव्हती. अहो, देवापुढची शपथ एक वेळ मोडेल, ती मोडायची नाही! पण देव माणसाला कधीकधी असा खिंडीत गाठतो, की एक पाप टाळायला दुसरं करावंच लागतं.

वहिनीच्या कानातून रक्त आलेलं त्याने पाहिलं, आणि तीनदा शिट्टी मारली.

बाकीचे एकोणतीस धाडकन पालथे. पहारवालेसुद्धा.

"बोल वहिनी!"

ती कोपरावर उठली. "लिहा हो. सोंड फोडू नका. खाली बारा घरं आहेत, आणि माझा माणूस अजून तिच्या पोटात आहे."

कारकुनाने लिहिलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कागद ओढायला हात नेला, तोवर शाई उमटली होती.

मग माणसं उठली. "काका, खोटी शिट्टी?" ड्रिलवाल्याचा आवाज फाटला. "त्या शिट्टीवर माझी पोरं जगतात रे!" पहिली लाथ त्यानेच घातली. ठेकेदाराला बोटही उचलावं लागलं नाही. खुर्च्या मोडल्या, बरगड्या मोडल्या.

"मारा," दीर म्हणत होता, "हक्क आहे तुमचा."

हात दमले तेव्हा तो सरपटत टेबलापाशी आला. तोंडातला दात थुंकला.

"तीन मिनिटं आहेत. दुसरी हरकत घ्या. मी सुरुंगवाला. सोंड आतून चिरफळलीय, हे मला ठाऊक होतं, तरी मी वात लावली. माझा भाऊ माझ्याच सुरुंगाने गाडला गेला."

"हे असंच लिहू?"

"असंच."

वहिनी त्याच्याकडे वळली. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, "मग वर्षभर माझ्या घरी पाणी कसं प्यालात?"

कारकून लिहीत होता.