भोंग्याचा आवाज

थोरलीच्या बाबांना कोर्टात सगळे भोंगा म्हणत. पुकारा करायचं काम त्यांचं. त्यांनी पक्षकाराचं नाव घेतलं की रस्त्यापलीकडे चहा पिणारा माणूसही कप तसाच टाकून धावत सुटे. नेमकी त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, श्वासासाठी गळ्यात भोक ठेवलं. जीव वाचला, पण घर मुकं झालं. बाबा पाटीवर लिहून बोलू लागले. सुरुवातीला पाटीभर लिहीत, मग दोन शब्द, मग नुसती मान हलवत. तीन वर्षं अशी गेली.

थोरली जुन्या यंत्रांमधली माहिती नव्या संगणकांवर आणायचं काम करी. माणसाच्या जुन्या आवाजावरून त्याच्याच आवाजात बोलणारं यंत्र एक कंपनी बनवते, असं तिच्या कानावर आलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात बाबांचा आवाज टिपून ठेवला होता, हे तिला आठवलं. खेटे घालघालून तिने ती फाइल मिळवली. आईला शेजारी बसवून लावली, तर नुसती खरखर. पत्र्यावर वाळू ओतावी तशी.

"फाइल खराब झालीय, ताई," तिने पाठवलेली फाइल ऐकून कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. "आशा सोडा."

ऐकणं सोडून तिने फाइलमधले आकडेच उघडले; आवाज जितका मोठा, तितका आकडा मोठा. सुरुवातीला, बाबांनी तोंड उघडण्याआधी, शांतता असणार; म्हणजे एक, दोन, तीन असे बारीक आकडे हवेत. तिथे होते दोनशे छप्पन, पाचशे बारा, सातशे अडुसष्ट; दोनशे छप्पनचा पाढाच. बिघडलेली फाइल इतकी शिस्तीने बिघडत नाही. थोरलीने कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं गं?" आई घाबरली.

"आई, सदुसष्ट लिहिताना आधी काय लिहितेस?"

"सहा."

"आणि म्हणताना आधी काय येतं?"

आई पुटपुटली, "सदु... सात की गं!"

"तसंच झालंय. आवाजाचा एकेक आकडा दोन तुकड्यांत ठेवलेला असतो. त्यांचं जुनं यंत्र मोठा तुकडा आधी ठेवायचं, माझा संगणक लहान तुकडा आधी धरतो. सदुसष्टचे शहात्तर होतायत. फाइल धडधाकट आहे, आपण उलटी वाचतोय."

"मग सुलटी वाच ना," आई म्हणाली, जणू भाजी ढवळायची होती.

काम खरंच तेवढंच होतं. प्रत्येक जोडीतले तुकडे अदलाबदल केले आणि थोरलीने फाइल पुन्हा लावली.

"पाणी," बाबा म्हणाले. "दार. टोपली."

आईने खुर्चीची कड घट्ट धरली. शब्द संपले. मग एका बाईचा आवाज आला, "आता मनाने काहीतरी बोला, आजोबा."

"काय बोलू?" बाबा खाकरले. "बायको बाहेर बाकावर बसलीय. सकाळपासून पोटात काही नाही. सांगून ऐकत नाही." आणि एकदम कोर्टातला तो पुकारा, "अगं ए! खाऊन घे काहीतरी!"

ती बाई हसली आणि आवाज थांबला. आईच्या डोळ्यांना धार लागली होती. थोरलीने वळून पाहिलं तर दारात बाबा उभे, हातात पेपर. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'यंत्र नको.'

"का, बाबा?"

त्यांनी पाटी पुसली. 'तो माणूस गेला.' आणि ते आत निघून गेले.

यंत्राचा विषय तिथेच मिटला. आईने मात्र तो आवाज आपल्या फोनवर घालून घेतला.

महिन्याभराने थोरली पुन्हा आईबाबांकडे आली, तेव्हा आई कानात इअरफोन घालून मटार सोलत होती. ओठ हलत होते, चेहऱ्यावर हसू होतं. बाबा तिच्या मागे येऊन उभे राहिले. आईला बोलवायला ते टाळी वाजवत, तशी त्यांनी वाजवली. आणखी एकदा वाजवली. मग हात खाली सोडले आणि स्वयंपाकघरातून बाहेर पडले.

थोरलीने आईच्या कानातून वायर ओढली. "बाबा बोलावत होते!"

"हो का? काय हवंय त्यांना?"

"आई, हे फोनमधून काढून टाकू का?"

"हात लावशील तर खबरदार!" आईने फोन छातीशी धरला. "इतक्या वर्षांनी मला कोणी हाक मारतंय."

"अगं, पण बाबा घरात आहेत ना!"

"आहेत गं. मी कुठे नाही म्हणतेय?" आई म्हणाली आणि वायर पुन्हा कानात घातली.

निघताना बाबा तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. पाटी घरीच राहिली होती.

"माझं चुकलं का, बाबा?"

बाबांचे ओठ हलले, बराच वेळ हलले. गळ्याच्या भोकातून नुसता श्वास फुसफुसत राहिला. थोरलीला एक अक्षर कळलं नाही, तरी ती मान डोलवत राहिली. मग बस आली. तिच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तिला चढवलं आणि घराकडे न वळता पुढच्या रस्त्याने चालू लागले.