पाचव्या संध्याकाळचं नाव

“आजपासून हिच्यावर केळी चिरायची नाहीत हं! सुरी लांब ठेव.”

वाम्बोगा सुताराने आपल्या बायकोला दिलेली ही ताकीद मला अजून आठवते. नागुडी बिचारी नेहमीच्या सवयीने कच्च्या केळ्यांचा घड घेऊन माझ्यापाशी बसली होती. ती म्हणाली, “इतकी वर्षं हिच्यावर चिरलेलं गिळलंत. आता एकदम सोवळ्यात गेली का ही?”

“गेली,” सुतार म्हणाला, आणि त्याने माझ्या अंगात पहिला खिळा ठोकला.

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. लांबी तुमच्या हाताएवढी, रंग जळक्या गुळासारखा. माझ्या अंगावर सोड्याच्या बाटल्यांची नऊ बुचं उलटी ठोकलेली आहेत. आठ एका रांगेत, आणि नववं थोडं उंच, एका ठोकळ्यावर. त्या उंच बुचातली मेणबत्ती बाकीच्यांना पेटवते, म्हणून तिला सगळे सेवक म्हणतात. हनुक्काचा सण आला की पहिल्या संध्याकाळी माझ्यावर एक ज्योत लागते, दुसऱ्या संध्याकाळी दोन, आणि आठव्या संध्याकाळी माझी सगळी रांग भरते. फार पूर्वी देवाच्या घरात एका दिवसापुरतं उरलेलं तेल आठ दिवस पुरलं, त्याची ही आठवण.

मी जन्मले ती मात्र दिवा म्हणून नाही. आमच्या टेकडीवरच्या प्रार्थनाघराच्या दाराची मी फळी होते. मग आमच्या देशात एक कठीण काळ आला. यहुद्यांनी प्रार्थना करायची नाही असा हुकूम निघाला. शिपायांनी दार उखडलं. वाम्बोगाने त्या ढिगातून मला उचललं आणि बायकोच्या स्वयंपाकघरात केळी चिरायला दिलं. शिपाई झडतीला आले, तेव्हा मी त्यांच्यासमोरच होते. केळ्याच्या चिकाने काळी झालेली फळी कोण उचलून बघतो? माझ्या पाठीवर सुरीचे जे वार दिसतात ते त्या वर्षांचे आहेत. मी ते मिरवत नाही आणि लपवतही नाही.

हुकूम उठला आणि माझा दिवा झाला. बरीच वर्षं लोकांनी मला डोक्यावर घेतलं. म्हाताऱ्या बायका माझ्या कडेला बोटं लावून ती ओठांना लावायच्या. पुढे समुद्रापलीकडच्या पाहुण्यांनी प्रार्थनाघराला पितळेचा चकचकीत दिवा दिला, आणि मी कुदळींच्या खोलीत गेले. तिथे एक कोंबडी माझ्या आडोशाला अंडी घालायची. वाळवी एका कोपऱ्यापर्यंत आली होती. मला वाटलं, झालं, संपलं आपलं.

मला तिथून बाहेर काढलं केझियाने. ती आमच्या बालवाडीची बाई. मातीच्या विटांची एक खोली, वर पत्रा, खाली चटया, एवढीच ती बालवाडी. केझिया स्वभावाने फार मऊ, पण नेमाची अगदी कडक. हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवणार नाही, प्रार्थना झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेणार नाही. तिने मला राखेने घासलं, तेलाचा हात फिरवला आणि खिडकीत ठेवलं. “उजेड लोकांना दिसला पाहिजे,” ती मुलांना म्हणाली. “आणि नीट ऐका. हे दिवे फक्त बघायचे. त्यांच्या उजेडात शेंगा सोलायच्या नाहीत की खेळायचं नाही.”

“नाक खाजवलं तर चालतं?” असेरीने विचारलं. असेरी म्हणजे वर्गाचं तोंड.

“तुझं तुझं खाजव. शेजाऱ्याचं नको.”

वर्गात मुलं मोजकीच. केझियाने एक पद्धत पाडली. सणाची प्रत्येक संध्याकाळ एकेका मुलाची; त्या दिवशीच्या ज्योती त्यानेच पेटवायच्या. अंधार पडायला लागला की ती विचारायची, “आज दिवा कुणाचा?” आणि सगळी मुलं त्या मुलाचं नाव घेऊन अशी ओरडायची की पत्रा थरथरायचा. आमची बालवाडी टेकडीवर आहे. ती हाक उतारावरून, ओढ्यापलीकडच्या घरांपर्यंत जायची. खाली चुलीपाशी बसलेल्या आया म्हणायच्या, “आज तिर्झाचा नंबर वाटतं.”

गेल्या हनुक्कात पाचवी संध्याकाळ नेकेसाची होती.

नेकेसा वर्गात सगळ्यांत लहान. तिची आई येरुसा शहरातल्या कॉफीच्या गोदामात बिया निवडायला जायची. पहाटे जायची, दिवस मावळता यायची. लेकीला शेजारची मुलं बालवाडीत आणून सोडायची. आपली मुलगी दिवसभर काय करते, कुणाशी भांडते, कशाला हसते, हे येरुसाला कधी बघायलाच मिळालं नव्हतं. सणाच्या आधी ती एकदा केझियाला वाटेत गाठून म्हणाली होती, “बाई, पाचव्या दिवशी मी मुकादमाकडून लवकर सुटी मागितलीय. मागे उभी राहीन, मध्ये मध्ये करणार नाही. मला एकदा बघू दे, ती तिथं कशी असते.”

“ये की. मांदाझीचे गोड वडे तळतोय आम्ही. खायला म्हणून तरी ये,” केझिया म्हणाली होती.

दुसऱ्या दिव्याच्या रात्री नेकेसाला ताप भरला. रस्ता पावसाने खचलेला, मोटारसायकल चिखलात रुतली, आणि येरुसाने तिला पाठीला बांधून पायी दवाखाना गाठला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तशीच पाठीला बांधून परत आणली. पाठीवरचं ओझं झोपलेलं नव्हतं.

आमच्यात मयत ठेवत नाहीत. त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत, तिला मातीत ठेवलं. मी तिथे नव्हते. जे झालं ते मी नंतर केझियाच्या तोंडून ऐकलं, ती रिकाम्या वर्गात एकटीच देवाशी बोलत होती तेव्हा. एनोसी आजोबा आमच्या टेकडीचे वडीलधारे, प्रार्थना तेच सांगतात. त्यांनी प्रार्थना म्हटली आणि ते थांबले. एरवी मयतीच्या वेळी गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात. पण हनुक्का आनंदाचा सण, त्या दिवसांत भाषण करायचं नाही, असं ते म्हणाले. सगळे मुकाट्याने माती लोटायला लागले. तेव्हा येरुसाने केझियाचा हात धरला.

“माझ्या पोरीबद्दल कुणीच काही बोलणार नाही का गं? शेळी पुरल्यासारखी पुरायची का तिला? तू तरी बोल. दिवसभर तुझ्याकडे असायची.”

“आज नाही बोलता येत, येरुसा. नेम आहे. पण मी तुझ्या घरी येईन. तिचं जे जे मला ठाऊक आहे ते सगळं तुला सांगेन. देवाला साक्ष ठेवून सांगते.”

मित्रांनो, इथून पुढे केझियाचं चुकलं. वाईट मनाने नाही, नेमाच्या धाकाने. भाषण नको म्हणजे नावही नको, असं तिने मनाशी धरलं. शोकाला बसलेल्या येरुसाच्या घरी ती एकदा जाऊन आली, पण ओठ मिटून जमिनीवर बसली आणि तशीच उठून आली. सण उतरेपर्यंत बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. वर्गात मुलांनी विचारलं, “नेकेसा कुठाय?” तर म्हणाली, “देवाघरी. आता त्याबद्दल बोलायचं नाही. सण आहे ना?”

मुलं गप्प झाली. लहान मुलं गप्प झाली की खोली किती मोठी वाटते!

पाचवी संध्याकाळ आली. केझियाने माझ्यावर पाच मेणबत्त्या उभ्या केल्या आणि सेवकाची मेणबत्ती हातात घेतली. मुलं छातीत हवा भरून बसली होती. पण “आज दिवा कुणाचा?” हा प्रश्न तिने विचारलाच नाही. तिने आशीर्वाद म्हटला, भराभर पाचही ज्योती पेटवल्या, सेवक जागेवर ठेवला आणि म्हणाली, “चला, मांदाझी घ्या.” कुणी हात पुढे केला नाही. तिर्झा हळूच म्हणाली, “बाई, विसरलात.” केझियाने न ऐकल्यासारखं केलं. माझ्या अंगावर पाच ज्योती होत्या, मित्रांनो, आणि इतका थंड उजेड मी कधी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एनोसी आजोबा काठी टेकत वर्गात आले. येरुसाकडची सकाळची प्रार्थना सांगून ते परतत होते.

“काल पोरं का ओरडली नाहीत गं?” त्यांनी विचारलं.

“बाबा, काल… काल नेकेसाची संध्याकाळ होती.”

“म्हणूनच विचारतोय. येरुसा काल संध्याकाळी उंबऱ्यात येऊन बसली. घरातल्या बायकांना म्हणाली, भांडी वाजवू नका. कान टेकडीकडे. अंधार पडला, तुमचे दिवे खिडकीत दिसले, तरी ती बसूनच. शेवटी म्हणते, पुसून टाकलं माझ्या लेकीला. आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. आज माझ्याशीही बोलली नाही.”

केझिया म्हणाली, “तुम्हीच म्हणालात ना, की या दिवसांत—”

“भाषण नको म्हणालो मी! उभं राहून, छाती पिटून, लोकांना रडवायचं नाही, एवढाच नेम आहे. नाव घ्यायचं नाही असं कुठल्या तोंडाने म्हटलं मी? आठवण सांगायला कुणी अडवलं तुला?”

“मला वाटलं पोरं रडतील. सण मोडेल.”

“सण असा मोडत नसतो, पोरी. हा सण मारहाणीत नाही मोडला, हुकमात नाही मोडला. तुझ्या या फळीला विचार हवं तर.”

मला कुणी विचारत नाही, मित्रांनो, पण त्या दिवशी मी नक्की उत्तर दिलं असतं.

सहावी संध्याकाळ असेरीची. बाहेर आभाळ खाली आलं होतं. केझियाने मेणबत्त्या उभ्या केल्या, पण पेटवण्याआधी ती मुलांच्या मध्ये चटईवर बसली.

“आज दिवा कुणाचा?”

नेहमी आपलं नाव सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा असेरी तोंड घट्ट मिटून बसला. मग म्हणाला, “माझा आहे. पण कालचा राहिलाय ना.”

“काल दिवे लागले होते की रे.”

“दिवे लागले. आम्ही ओरडलो कुठं?”

केझियाने मान खाली घातली. “बरोबर. चूक माझी होती. काल बोलू नका म्हटलं, ते विसरा. आज बोला. नेकेसाचं काय काय आठवतं ते मला सांगा. मला तिच्या आईला सांगायचंय. तिला कुणी काही सांगितलेलंच नाही.”

मग तिर्झा म्हणाली, “ती चावायची.”

एक मूल फिसकन हसलं, आणि मग सगळी हसली.

“मला इथं चावली होती,” तिर्झाने दंड पुढे केला. “पण मग फुंकर पण तिनेच घातली. म्हणाली, सांगू नको हं बाईंना.”

“ती भोवरा पडला की त्याला रागवायची. ऊठ आळश्या, ऊठ, म्हणायची.”

“ती मांदाझीची कड खायची आणि मधलं आईसाठी खिशात ठेवायची.”

“आणि वाटेत खाऊन टाकायची!” असेरी म्हणाला. “रोज! ओढ्यापर्यंत पण नाही पोचायचं.”

केझिया हसत होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. पोरांनी ते बघितलं. कुणी घाबरलं नाही.

मग असेरीच पुन्हा म्हणाला, “ती दिवे एकाच डोळ्याने बघायची. दुसरा असा दाबून धरायची. मी विचारलं, असं का? तर म्हणते, दोन्ही डोळ्यांनी बघितलं की उजेड लवकर संपतो. मागच्यांना पुरत नाही.”

मी तो मिटलेला डोळा बघितला होता, मित्रांनो. मला वाटायचं, माझा धूर तिला झोंबतो.

केझियाने पुन्हा विचारलं, “कालचा दिवा कुणाचा?” आणि मुलं ओरडली. असेरीच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. पण नेमका त्याच क्षणी पाऊस पत्र्यावर कोसळला. खोलीतल्या खोलीत ते नाव बुडून गेलं. मुलांनी पुन्हा हाक मारली, पुन्हा मारली. ओढ्यापलीकडे काही पोचलं असेल असं मला वाटत नाही. मग असेरीचं नाव झालं, आणि त्याने मुठीत सेवक धरून सहा ज्योती पेटवल्या.

माझ्या छोट्या मित्रांनो, तुम्ही जुन्या वस्तूंना जपता, धूळ पुसता, वाळवी लागू देत नाही, हे फार चांगलं करता. मीही तशाच हातांमुळे आज उभी आहे. पण माझी एक विनंती आहे. माणसांनाही असंच जपा. जे गेले त्यांची नावं घेताना आवाज खाली करू नका. आणि ज्यांचं कुणी गेलं आहे, त्यांच्या घरी नुसते जाऊन बसू नका. तुमच्याकडे त्यांच्या माणसाचं जे काही असेल, चावणं असेल, हसणं असेल, ते त्यांना नेऊन द्या. ते त्यांचं आहे. तुमच्याकडे फक्त ठेवायला दिलेलं होतं.

पाऊस थोडा ओसरला तशी मोठी माणसं येऊन मुलांना घेऊन गेली. एनोसी आजोबा ज्योतींपाशी बसले. केझियाने एका केळीच्या पानात मांदाझी बांधली.

“ओढ्याला पाणी असेल,” आजोबा म्हणाले. “आणि दार उघडेल की नाही, सांगता येत नाही.”

“नाही उघडलं तर दाराबाहेरून सांगेन,” केझिया म्हणाली.

तिने कमरेचा पट्टा आवळला, चिखल होता म्हणून चपला हातात घेतल्या, आणि उताराच्या वाटेला लागली.