तिसरी कॉफी

कवळी तळहातावर धरून शेफिकामावशी दारात उभ्या होत्या. तोंडावर रुमाल.

"डावीकडं टोचतीय," रुमालाआडून त्या म्हणाल्या. "घासून दे. कॉफीला आलेली नाही मी."

दिवस त्रेपन्नावा.
झोप: अकरा तास. तरी डोळे जड.
न्याहारी: अंडं, पाव. भूक नव्हती. तक्त्यात लिहायचं म्हणून खाल्लं.
चालणं: नदीपर्यंत आणि परत.
माणसं:

हा तक्ता डॉक्टरीणबाईंचा. कामात लक्ष लागावं म्हणून सहा वर्षं मी गोळ्या घेत होते. छाती धडधडायला लागली तेव्हा त्यांच्याच देखरेखीखाली त्या बंद केल्या. ठोके जागेवर येईपर्यंत कॉफीही बंद. चौथा रकाना, माणसांचा, रोज भरायचा, असं त्यांनी बजावलंय. आमच्या या त्राव्हनिक गावात कॉफीशिवाय माणसं कुठून आणायची, ते नाही सांगितलं.

सात आठवडे तो रकाना कोरा आहे. पोस्टमन लिहावा, तर तोही हल्ली खालच्या पेटीतच पत्रं टाकून जातो.

मी कवळ्या बनवते. गोळीवर असताना दिवसाला तीन व्हायच्या. आता मावशींच्या कवळीची एक कड, कानशीच्या दहा फेऱ्यांचं काम, तासभर खातेय. चार फेऱ्या मारते, खिडकीकडे बघत बसते, मग कुठं घासत होते ते शोधते. शिवी देते, मनात.

मावशी स्टुलावर बसून बघत होत्या.

"हात जड झालाय तुझा. पूर्वी शिवणाच्या मशिनीसारखी चालायचीस."

तेच तर.

(रकाना लहान आहे. हे तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहिते.)

दोन वर्षांपूर्वी मावशींचे यजमान गेले, मुनीबकाका. आठवड्यानं मावशी माझ्याकडे आल्या. आमच्याकडे पहिली कॉफी या-बसा म्हणायला, दुसरी बोलायला. तिसरी समोर आली की पाहुण्यानं उठायचं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पहिली संपवून मावशींनी पेला खाली ठेवला. "जाताना मुनीब मला म्हणाला," असं म्हणून त्या थांबल्या. मला संध्याकाळच्या आत दोन कवळ्या पोचवायच्या होत्या. मी आत गेले आणि दुसरी-तिसरी एकदमच घेऊन आले. दोन भरलेले पेले, शेजारी शेजारी, त्यांच्यापुढे. वेळ वाचला म्हणून बरंही वाटलं होतं मला.

दोन्हींना हात न लावता त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. तेव्हापासून माझ्या दारावर कामाशिवाय कुणी टकटक केली नाही, आणि गोळी चालू होती तोवर ते माझ्या लक्षातही आलं नाही.

कड गुळगुळीत झाली. कवळी धुऊन मी त्यांच्या हातात दिली.

"कॉफी ठेवते, मावशी."

त्यांनी पाठ फिरवून कवळी बसवली, दोनदा चावून पाहिलं. मग वळल्या आणि कोचावर येऊन बसल्या.

"पेले किती मांडणार?"

मी एकच मांडला. माझ्यासाठी फुलांचा काढा घेतला. त्यावरून त्यांनी भुवया चढवल्या. पाहुण्याला एकटं प्यायला लावायची ही कुठली नवी तऱ्हा, असं विचारलं. मग सांगावंच लागलं: गोळ्या, सहा वर्षं, छाती, तक्ता. सांगताना मध्येच शब्द सापडेनात. मावशी साखरेचा खडा कॉफीत बुडवून चोखत राहिल्या.

"म्हणजे त्या दिवशी ते दोन पेले गोळीनं आणले म्हण."

हो म्हणणं सोपं होतं. वाट त्यांनीच करून दिली होती.

"नाही. मीच आणले."

मावशींनी साखरेचा उरलेला खडा तोंडात टाकला. मग रिकामा पेला माझ्याकडे सरकवला. दुसरीसाठी.

मी तो भरला आणि त्या बोलू लागल्या. शेवटच्या दिवशी मुनीबकाकांनी पाणी मागितलं. उशी सरळ करायला लावली. गल्लीत कुणाची गाडी कुरकुरतेय ते विचारलं. मी स्वतःच्या मांडीला चिमटा काढून ऐकत होते. मावशींचा वरचा सुळा मी मुद्दाम जरासा वाकडा बसवला होता, खरा वाटावा म्हणून. तो बोलताना छान दिसत होता. मेण जरा जास्त तापलं होतं त्या दिवशी, तरी बसला. की उजवा होता तो? पहिल्या साच्याला तडा गेला होता, तो हाच का

मावशींचं सांगून झालं होतं. डोळे ओले.

"मावशी," मी म्हणाले, "शेवटचं... माझं लक्ष दुसरीकडे गेलं. पुन्हा सांगाल?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दोन वर्षांनी तोंडातून निघालं होतं गं ते," त्या म्हणाल्या. "आता नाही निघायचं."

काढ्याचा पेला भिंतीवर फेकावासा वाटला. याचसाठी अंडी गिळली. याचसाठी रोज त्या नदीपर्यंत पाय ओढत गेले.

त्यांचा पेला रिकामा झाला. मी उठले नाही. खिडकीतलं ऊन समोरच्या छपरावरून सरकलं. मावशींनी पेला थोडा फिरवला, परत ठेवला.

"ठेव की आता तिसरी."

"नाही ठेवणार."

"मग मी जायचं कसं?"

मावशींनी पाय पोटाशी घेतले, शाल ओढली आणि बसून राहिल्या. एकदा त्यांनी गालाच्या आतून जीभ फिरवली, टोचत नाही म्हणाल्या. मी मान हलवली.

मशिदीतून बांग झाली तेव्हा त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दारात बूट चढवायला त्यांना वेळ लागला. मी मदत करायला वाकले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तिसरी राहिली," त्या म्हणाल्या.

"राहिली."

जिन्यावरून त्यांची पावलं खाली गेली. पेला मी धुतला नाही. टेबलावर होता तिथंच ठेवला. मग पेन्सिल घेतली आणि चौथ्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं. पूर्ण, शेफिकामावशी. ते मावलं नाही. शेवटची दोन अक्षरं चोपन्नाव्या दिवसाच्या रकान्यात गेली.